इच्छेचं मीटर

पालघर-बोईसर पट्ट्यात मोजमापाला फार मान आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून वीज मोजली जाते आणि आत काम करणाऱ्याच्या छातीवर किरणोत्सर्गाची मात्रा नोंदवणारा बिल्ला असतो. एमआयडीसीत पीएच मोजतात, प्रेशर मोजतात, सांडपाणीही मोजतात, निदान कागदावर तरी. सातपाटीला पापलेट हातात घेतल्याबरोबर कोळीण वजन सांगते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडची जमीन हादरायला लागली, तेव्हापासून चहाच्या टपरीवरचा पोरगाही ‘आजचा तीनच्या वर होता’ असं रिश्टरमध्ये बोलतो. न मोजलेली एकच गोष्ट उरली आहे, आणि नेमकी तिच्याचबद्दल सगळ्यांना पक्की खात्री आहे: कामेच्छा पुरुषाला जास्त की बाईला?

या विषयाचं पीठ म्हणजे विरार-डहाणू लोकलचा जेंट्स डबा. लोकल डहाणूपर्यंत यायला लागली १६ एप्रिल २०१३ रोजी. त्याआधी हाच विषय शटलमध्ये आणि पॅसेंजरमध्ये चालायचा. गाड्या बदलल्या, मत बदललं नाही. बोईसरला चढलेले एक सुपरवायझर उमरोळी यायच्या आत निकाल देतात, ‘‘पुरुषाचं कसं असतं, चोवीस तास तयार. बाईचं तसं नाही. तिचा मूड लागतो.’’ चौघं माना डोलावतात. केळवे रोड येतं तेव्हा चोवीस तास तयार असलेले हे गृहस्थ शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून घोरत असतात, आणि वैतरणेच्या पुलाच्या आवाजानेही त्यांना जाग येत नाही.

त्यांच्या डोक्यावर, डब्याच्या पत्र्याला, स्टिकर चिकटवलेले असतात. ‘कमजोरी’, ‘निराशा’, ‘जोश’, ‘लग्नाआधी भेटा, लग्नानंतर भेटा’. खाली मोबाइल नंबर. हे सगळे हकीम फक्त पुरुषांनाच बोलावतात. मला पडणारा प्रश्न साधा आहे. पुरुषाची इच्छा जर अशी आपोआप, अखंड आणि अमर्याद वाहत असेल, तर तिला धक्का मारायला एवढी माणसं का लागतात? ज्या मालाची टंचाई असते त्याचीच जाहिरात भिंतीवर येते. डब्यातली तोंडी आकडेवारी आणि पत्र्यावरची छापील आकडेवारी यांचा मेळ कुणी घालत नाही, कारण तो घालायला मान वर करावी लागते आणि आपण स्टिकर वाचतोय हे शेजाऱ्याला दिसतं.

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, की तुमच्या लेडीज डब्यात हा विषय निघतो का.

‘‘निघतो की,’’ ती म्हणाली, ‘‘पण भाजी निवडून झाल्यावर.’’

‘‘मग काय ठरतं?’’

‘‘ठरतं असं, की त्यांना इच्छा असते तेव्हा आम्हाला झोप आलेली असते. आणि आम्हाला इच्छा असते तेव्हा ते मोबाइल बघत असतात.’’

‘‘म्हणजे तुम्हालाही असते?’’

‘‘अहो, गवार मोडता मोडता बोलू का? ती पिशवी घ्या इकडे.’’

चर्चा तिथेच थांबली. पण डब्यातल्या कुठल्याही भाषणापेक्षा त्या दोन वाक्यांत जास्त माहिती होती.

आता शास्त्राधार. आपल्याकडे शास्त्राधार असल्याशिवाय माणूस चपलेचा पट्टाही बदलत नाही. या प्रश्नावर पहिला मोठा वाद कामसूत्रातच आहे. श्वेतकेतू औद्दालकीचं म्हणणं, बाईला पुरुषासारखं सुख होतच नाही. बाभ्रव्याच्या पंथाचं म्हणणं, तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत होत असतं, पुरुषाला आपलं शेवटी. दोन्ही बाजूंचे वक्ते पुरुष. पक्षकार बाई, वकील पुरुष, साक्षीदार पुरुष, आणि निकालपत्र लिहायला वात्स्यायन, तेही पुरुष. पण हा माणूस सज्जन निघाला. त्याने सांगितलं, दोघं एकाच जातीची माणसं आहेत, दोघांचं सुख सारखंच. पुढे जाऊन त्याने वेगाच्या तीन पायऱ्या केल्या: मंद, मध्यम, चंड. आणि त्या दोघांनाही लावल्या. मंद पुरुष असतो, मंद बाई असते. चंड पुरुष असतो, चंड बाई असते. तीन गुणिले तीन, जोड्या नऊ. त्यातल्या तीन सम आणि सहा विषम. म्हणजे नऊतले सहा संसार मुळातच कुरकुरणार हे त्याने आधीच लिहून ठेवलंय, आणि आपण अजून पत्रिका जुळवतोय.

बोईसरला हे गणित समजायला अजिबात जड जात नाही. एमआयडीसीतल्या पाळ्या तीनच: फर्स्ट, सेकंड आणि नाईट. बाईच्याही पाळ्या तीनच: पहाटेची घरची, दिवसाची नोकरीची, रात्रीची पुन्हा घरची. फरक एवढाच, की त्याच्या पाळ्या आठवड्याने बदलतात आणि तिला तिन्ही एकाच दिवशी करायच्या असतात. तो नाईट करून सकाळी येतो, खिडकीला चादर टांगून झोपतो, आणि आख्ख्या चाळीतली पोरं दिवसभर कुजबुजत क्रिकेट खेळतात. तो उठतो तेव्हा ती कामावर. ती येते तेव्हा तो डबा घेऊन निघालेला. कारखान्याची सुट्टी एका वारी, तिच्या ऑफिसची दुसऱ्या वारी. ज्या वारी दोघं घरी असतात त्या वारी नालासोपाऱ्याहून नणंद येते. इथे चंड काय आणि मंद काय, नवराबायकोची भेट होते ती जिन्यात. वात्स्यायनाचा नागरक, म्हणजे सुखवस्तू शहरी पुरुष, दुपारी वामकुक्षी घ्यायचा आणि संध्याकाळी गाणं ऐकायचा. त्याला कुणी ओव्हरटाइम लावला नव्हता.

वात्स्यायन नको असेल तर चाणक्याच्या नावावर खपणारं एक सुभाषित आहे. त्यात म्हटलंय, पुरुषाच्या मानाने बाईचा आहार दुप्पट, लाज चौपट, साहस सहापट आणि काम आठपट. आकडे छान पाढ्यासारखे चढत जातात, म्हणूनच संशय येतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाला जे उरतं त्यात बाईचं जेवण होतं, हे ज्याने कुठल्याही मराठी घरात पाहिलंय, त्याने ‘आहार दुप्पट’ वाचल्याबरोबर पुढचे आकडे कसे काढले असतील याचा अंदाज बांधावा.

महाभारतात मात्र खरीखुरी साक्ष नोंदवली आहे. अनुशासनपर्वात युधिष्ठिर विचारतो, की स्त्री-पुरुषांत सुख कुणाला जास्त? विचारतो कुणाला, तर भीष्मांना. आजन्म ब्रह्मचारी, त्यातून बाणांच्या शय्येवर. पण भीष्मांकडे उत्तर होतं. त्यांनी भंगास्वन राजाची गोष्ट सांगितली. इंद्राच्या रागामुळे हा राजा सरोवरात अंघोळ करताच बाई झाला. राजा म्हणून त्याला शंभर मुलगे, नंतर बाई म्हणून एका तापसापासून आणखी शंभर. पुढे इंद्राचा राग निवळला आणि त्याने विचारलं, पुन्हा पुरुष व्हायचंय का? ती म्हणाली, नको, आहे तीच बरी, या सुखात बाईचा वाटा मोठा आहे. ग्रीकांकडे टायरेसिअस नावाचा ज्योतिषी आहे. तोही दोन्ही बाजू भोगून आलेला. झ्यूस आणि हेरा या देव-देवींचं यावरूनच भांडण जुंपलं, तेव्हा त्याने साक्ष दिली की सुखाचे दहा भाग केले तर नऊ बाईचे. घरातली गोष्ट बाहेर फोडली म्हणून हेराने त्याला आंधळं केलं. जगाच्या दोन टोकांना दोन साक्षीदार, दोघांनीही दोन्हीकडे नोकरी केलेली, आणि जबाब एकच. तरी बोईसरच्या फलाटावर ही साक्ष ग्राह्य धरत नाहीत. सुपरवायझर म्हणतात, ‘‘ते सुखाचं झालं हो, इच्छेचं बोला.’’ या मुद्द्यात दम आहे हे मान्य करावं लागेल. भेळ आवडणं वेगळं आणि दर संध्याकाळी भेळेची आठवण येणं वेगळं.

तर इच्छेचं बोलू. अमेरिकेत ओहायो राज्यात टेरी फिशर या मानसशास्त्राच्या बाईंनी कॉलेजच्या मुलामुलींच्या हातात टकटक करणारं मोजणी-यंत्र दिलं. तो विचार मनात आला की एक टक. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. मधला आकडा मुलांचा दिवसाला १९, मुलींचा १०. ‘दर सात सेकंदांनी पुरुषाच्या मनात तेच’ ही जगभर पसरलेली समजूत तिथेच मोडली. एका पठ्ठ्याने मात्र दिवसात ३८८ वेळा टकटक केली. जागेपणीचे तास धरले तर दर अडीच मिनिटांनी एकदा. आपल्याकडे दोन स्टेशनांच्या मध्ये तीनदा झालं असतं. पण गंमत पुढे आहे. फिशरबाईंनी जेवणाचे आणि झोपेचे विचारही मोजायला लावले होते, आणि त्यातही मुलगे पुढे. म्हणजे पुरुषाला वासना जास्त असेल, पण त्याला भूकही जास्त आणि झोपही जास्त. केळवे रोडच्या आत घोरणारे गृहस्थ विज्ञानाला धरूनच वागत होते.

याच बाईंनी आधी, २००३ मध्ये, सहकारी संशोधिकेबरोबर आणखी एक खोड काढली होती. तरुण-तरुणींना त्यांच्या लैंगिक अनुभवांबद्दल प्रश्न विचारायचे, पण काहींना खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या तारा जोडून. यंत्र नकली होतं. पण तारा लागल्याबरोबर मुलगे आणि मुली यांच्या उत्तरांतली तफावत कमी झाली. आपलं उत्तर दुसरं कुणी वाचेल अशी धास्ती होती, तिथे ती सर्वांत जास्त. हे यंत्र विरारला डब्याच्या दारात बसवलं तर बोईसरपर्यंत अर्धा डबा मौन पाळेल आणि उरलेला अर्धा ‘गर्दी फार आहे’ म्हणून पुढची गाडी पकडेल.

२०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी २११ अभ्यास एकत्र केले. माणसं सहा लाखांच्या वर. निकाल असा, की सरासरी काढली तर पुरुषांचं पारडं जड आहे, आणि ते थोडंथोडकं नाही. सुपरवायझरांनी इथवर वाचून टाळी मागितली तर द्यायला हरकत नाही. पण त्याच अभ्यासात पुढे असंही निघतं, की साधारण चारांतली एक बाई सरासरी पुरुषाच्या पुढे असते. एका इमारतीत सोळा बिऱ्हाडं धरली, तर त्यातल्या चार घरांतली बाई जेंट्स डब्यातल्या सरासरी सदस्याला मागे टाकते. कुठली चार ते सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागत नाही. लावायची मागणी पुढच्या सर्वसाधारण सभेत कुणी करेल असंही वाटत नाही.

त्या बाईने हे सांगायचं कुठे, हा खरा प्रश्न. महाराष्ट्रात बाईच्या इच्छेचा आवाज नाही असं कोण म्हणतं? हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीत गोदाकाठच्या बायका बिनधास्त बोलतात. पेशवाईत लावणी तर ओसंडून वाहत होती. फक्त तपशील बघा. सखी व्याकूळ, विरहाने तळमळणारी. लिहिणारे रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर. फेटे उडवणारे पुरुष. ज्या बाईची ती तळमळ, ती घरी भाकऱ्या थापत होती. बाईच्या इच्छेवर एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला आणि तिला प्रवेशिकासुद्धा मिळाली नाही.

मग १९२७ च्या जुलैत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं. गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचं काम सोडवेना म्हणून १९२५ मध्ये त्यांनी विल्सन कॉलेजची नोकरी सोडली होती. हा माणूस थंडपणे, समीकरण मांडावं तसं सांगत होता की कामसुखावर बाईचा हक्क पुरुषाइतकाच आहे. वाचक पत्रांतून प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरं देत. त्याच उत्तरांसाठी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला. लावणीला दौलतजादा आणि गणिताला दंड, असा हा हिशोब. इच्छा नाचली तर चालते, तिने माहिती विचारली की अश्लील होते.

आमच्या जिल्ह्यात मात्र एक समाज असा आहे, की ज्याचं लग्नच बाई लावते. वारली लग्नात धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यावर लग्न लागतं. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी, सुफलतेची. तारप्यावर बाया-बाप्ये एकाच फेरात नाचतात. जोडपं पसंतीने एकत्र राहू लागतं आणि लग्नाचे पैसे जमेपर्यंत पोरं होतात. मग सामुदायिक विवाहात आई-बापाच्या लग्नाला पोरं नवे कपडे घालून हजर. पुण्यात यावर परिसंवाद होतात. इथे विचारतात, मांडवाचे किती झाले. पण याच मातीत लग्नगडी होते, हेही विसरू नये. लग्नाला सावकाराचं कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्याच्या दावणीला, आणि त्या बाईच्या इच्छेला तर कुणी विचारतच नव्हतं. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते लिहून ठेवलंय, १९४५ च्या वारल्यांच्या उठावाने ती प्रथा मोडली. इच्छेचा हिशोब एकदा सावकाराच्या वहीत लिहिला गेला होता, आणि त्यात विनोद करण्यासारखं काही नाही.

सातपाटीला दुसरा नमुना. पुरुष बोटीवर, दिवसचे दिवस समुद्रात. बाजार, पैसा, पोरं, सगळं बाईच्या हातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सगळे घरी. दोन महिन्यांचा हा सहवास किती गोड असतो असं मी एका मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘पयले आठ दिवस बरा वाटतंय. मंग नारळी पुनव कवा येतंय असा होतंय.’’ हे इच्छेचं उत्तर की सहवासाचं, ते विचारायचं धाडस झालं नाही. कोयता जवळच होता.

आता सरकारकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, देशातल्या ८२ टक्के बायकांनी सांगितलं की इच्छा नसेल तर आम्ही नवऱ्याला ‘नाही’ म्हणू शकतो. चांगली गोष्ट. पण माझ्या मते त्यात नसलेला पुढचा रकाना जास्त महत्त्वाचा: इच्छा असेल तर तुम्ही आपणहून म्हणू शकता का? इथे पेन थांबेल. बाईने ‘नको’ म्हटलं तर ती थकलेली ठरते; ‘चला’ म्हटलं तर हिला हे सगळं सुचतं कुठून, याची चौकशी सुरू होते. पुरुषाने ‘नको’ म्हणायचं तर त्याची अडचण याहून मोठी. त्याने चोवीस तास तयार असल्याचं डब्यात चौघांसमोर जाहीर करून ठेवलंय. त्यामुळे एक जण नसलेलं दाखवतो, दुसरी असलेलं झाकते, आणि या दोन थापांच्या वजाबाकीला आपण निसर्गाचा नियम म्हणतो.

त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा सांगतो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया बायकांची ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३ टक्के. ज्याची इच्छा जास्त त्याचं ऑपरेशन, असा साधा न्याय लावला असता तर पालघरच्या सरकारी दवाखान्याबाहेर पुरुषांची रांग थेट माहीमच्या रस्त्याला लागली असती. आज तिथे शस्त्रक्रियेच्या दिवशी रांग असते ती बायकांची. नवरे बाहेर मोटारसायकलला टेकून चहा पीत उभे, कारण शस्त्रक्रियेने ताकद जाते असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. बहुधा डब्यात.

निकाल द्यायचा तर असा आहे. सरासरीत फरक आहे. पण सरासरीशी कुणाचं लग्न होत नाही. लग्न होतं एका माणसाशी, त्याला पाळी असते, पाठदुखी असते, दहावीतलं पोर असतं, पलीकडच्या खोलीत जागी सासू असते आणि मध्ये प्लायवूडची भिंत. अशा घरात इच्छा कुणाची जास्त हे ठरवण्याआधी फुरसत कुणाला जास्त हे बघावं. ज्याला जेवून झाल्यावर ताट उचलावं लागत नाही, त्याची इच्छा लवकर जागी होते यात जीवशास्त्राचा वाटा किती आणि ताटाचा किती, हे शोधायला ओहायोला जायची गरज नाही.

तेव्हा जेंट्स डब्यातल्या तमाम तज्ज्ञांना एक विनंती. आठवडाभर रात्रीची भांडी तुम्ही घासा, पोरांचा अभ्यास तुम्ही घ्या, बायकोला दहाला झोपू द्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी खोली नसेल तर फ्रिजवर. मग आठव्या दिवशी तिला सरळ विचारा, तुला काय हवंय. ती जे सांगेल ते वात्स्यायनापेक्षा आणि २११ अभ्यासांपेक्षा तुमच्या कामाचं असेल. फक्त दुसऱ्या दिवशी ते डब्यात येऊन सांगू नका.